मखमलच्या पेटीतली पांढरी धूळ

रिया लग्न होऊन शेलू गावातल्या फ्लॅटवर आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांच्या बॅगा, पुस्तकांचा खोका आणि एक काचेची पेटी होती. पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी. सासूबाईंनी, इंदूबाईंनी, दारातच पदर नाकाला लावला. वास कसलाच येत नव्हता, पण त्यांना तो आला.

"ह्याला टारांटुला म्हणतात, आई," रिया म्हणाली. "मादी आहे. मखमल नाव तिचं. काही करत नाही ती."

"जिवंत हाय ना?"

"हो."

"मग करंल की."

मुलानं, नवीननं, आधी सांगितलं होतं, पण त्याच्या पद्धतीनं. रियाकडे एक पाळीव प्राणी आहे, एवढंच. इंदूबाई मांजर धरून चालल्या होत्या, फार तर कासव. आणि निघालं हे. मखमल पेटीतल्या भुशावर एकेक पाय उचलून असा टेकवायची, जणू जमीन चाखून बघतेय. इंदूबाई खोलीत झाडायला गेल्या की त्या कोपऱ्याकडे पाठ करून झाडायच्या, आणि पाठ केली म्हणून पाठीवरच काहीतरी चढतंय असं वाटून अर्ध्यातच बाहेर यायच्या. पेटीपेक्षा वाईट होता गॅलरीतला दुसरा डबा. त्यात रिया रातकिडे वाढवायची, मखमलच्या खाण्यासाठी. अंड्यांच्या जुन्या ट्रेमध्ये त्यांची खसखस चाललेली असायची. जेवताना ती ऐकू आली की इंदूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

बाई मूळच्या कशेळे गावाच्या पुढच्या. नवरा मालोजी अजून गावीच, भाताच्या राखणीला. शेण काढलेली, म्हशीच्या अंगावरचे गोचीड उपटलेली बाई ती, नाजूक नव्हती. पण गोठा गोठ्यात आणि चूल चुलीपाशी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. घरात, झोपायच्या खोलीत, गादीपासून हातभर अंतरावर कोळी ठेवायचा आणि वर त्याला मखमल म्हणायचं, हे त्यांना पचलंच नाही.

शिवाय त्यांचं नाव होतं. इंदूबाईंची थालिपिठाची भाजणी आजूबाजूच्या सगळ्या इमारतींत जायची. डाळी निवडणं, धुणं, सावलीत वाळवणं, मंद आचेवर भाजणं, कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. बायका म्हणायच्या, मावशींच्या घरचं आहे, डोळे मिटून घ्या. कोळ्याचं कळलं तर ह्याच बायका डोळे उघडतील, ही धास्ती त्यांना कायम असायची.

"कुणाला सांगू नको गं," त्या रियाला बजावायच्या. "तुझ्या त्या घाणीपायी माझी भाजणी बंद पडंल."

रिया मान डोलवायची. ती भांडणारी नव्हती, हे इंदूबाईंना मनातून मान्य होतं.

भाद्रपदात रियाच्या कंपनीनं तिला ट्रेनिंगसाठी हैदराबादला पाठवलं. कोळ्याला नवीन इतका घाबरायचा की त्या खोलीत झोपताना पेटीवर टॉवेल टाकायचा. त्यामुळे पाण्याची वाटी भरायचं काम इंदूबाईंच्या गळ्यात पडलं. "फक्त पाणी, आई. बाकी काही नको. आता ती खाणारही नाही, कात टाकायची वेळ झालीय," एवढं सांगून रिया गेली.

हवा तेव्हा अशी होती की मिठाला पाझर सुटला होता आणि कपाटातल्या चपलांवर हिरवं धरलं होतं. एका दुपारी इंदूबाई लांब नळीची बाटली घेऊन, तोंड बाजूला करून, पेटीचं झाकण किलकिलं करून पाणी सोडायला गेल्या. नळीचा नेम धरायचा तर बघावं लागतंच. त्यांनी बघितलं.

भुशातून पिवळ्याजर्द छोट्या छत्र्या उगवल्या होत्या, ओल्या, मऊ, एकमेकींना चिकटलेल्या. कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं काहीतरी पसरलं होतं आणि त्या कापसातून रातकिड्याचा एक पाय वर आला होता. पाण्याच्या वाटीच्या कडेला पिठासारखी पांढरी धूळ बसली होती.

धूळ हलत होती.

झाकण धाडकन बंद झालं. इंदूबाई बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या आणि आपला हात अंगापासून लांब धरून राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग त्यांनी रियाला व्हिडिओ कॉल लावला.

"आई? काय झालं? तुमचा चेहरा..."

"तुझी ती घाण सडली गं पेटीत. पिवळं काय, पांढरं काय. किडे पडलेत."

"मखमल हलतेय का?"

"मी कशाला बगू तिला?"

"आई, प्लीज. मोबाइल काचेजवळ धरा. मला दाखवा."

इंदूबाई पुन्हा आत गेल्या. मोबाइल काचेला लावला आणि स्वतः डोळे मिटले.

"पिवळ्या छत्र्या आहेत ना, त्यांचं काही नाही," रियाचा आवाज आला. "नारळाच्या भुशातून येतात, कुंडीतही येतात कधी कधी. तो कापूस म्हणजे बुरशी. अरे देवा, तो रातकिडा मी निघायच्या आदल्या दिवशी टाकला होता. तिनं खाल्ला नाही आणि मी काढायला विसरले. माझीच चूक. आता ते पांढरं दाखवा, वाटीजवळचं. आई, डोळे उघडा ना, मोबाइल छताकडे चाललाय."

त्यांनी डोळे उघडले.

"मोठं करून बघा, दोन बोटांनी. हां. हे उड्या मारतात का?"

"म्हंजे?"

"एक बारीक पांढरा किडा असतो, टुणकन उडतो. तो चांगला, बुरशी खातो. ब्रश घ्या, टेबलावर आहे, लांब दांड्याचा. त्या धुळीत टेकवा."

इंदूबाईंनी ब्रश टेकवला. काहीच उडालं नाही. पांढरे कण, गोल, फुगीर, ओशट चमकणारे, सावकाश ब्रशच्या केसांवर चढू लागले. स्क्रीनवर त्यांचे पाय दिसत होते. इंदूबाईंच्या मानेपासून कमरेपर्यंत शहारा गेला.

"चालत येतायत गं. माझ्याकडं येतायत."

"माइट्स," रिया हळू आवाजात म्हणाली. "शेतावर आपण लाल कोळी म्हणतो ना पिकावरच्या किडीला, त्यातलीच जात. ह्यांनाही आठ पाय असतात."

"कोळ्याला कोळी लागले?"

"हो. आई, आता नीट बघा. तिच्या अंगावर आहेत का? पायांच्या सांध्यांत? तोंडापाशी?"

मखमल बुरशीपासून लांब, काचेला पाठ लावून बसली होती. पोटावरचे केस गळून तिथे काळं, ताणलेलं, तुकतुकीत टक्कल पडलं होतं. पायांच्या बेचक्यांत पांढरे दाणे चिकटलेले होते, भाताच्या कणीहून कितीतरी बारीक. इंदूबाईंनी सांगितलं.

"कात टाकताना ती उताणी पडते," रिया म्हणाली. "तेव्हा ती अगदी मऊ असते, काही करू शकत नाही. हे तोंडात शिरले तर... आई, तिला आजच कोरड्या डब्यात हलवावं लागेल. नवीन हे करणार नाही. मी तुम्हाला सांगायलाही नको खरं तर. नाही जमलं तर राहू द्या."

इंदूबाईंना नाही म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण पोरगी स्क्रीनमध्ये रडू दाबून बसली होती, आणि ती घाणेरडी धूळ काचेच्या कडेकडेनं झाकणाकडे चालली होती. तशीच ठेवली तर उद्या ती बाहेर येणार, परवा ओट्यावर. ह्या विचारानं त्या उठल्या.

लाडवांची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी काढली. दाभण तापवून झाकणाला भोकं पाडली, तळाला कोरडा कागद घातला. हातांना कोपरापर्यंत पिशव्या बांधल्या, तोंडावर रियाची ओढणी गुंडाळली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"बरणी तिच्यापुढे आडवी ठेवा," रिया सांगत होती. "मागच्या पायाला ब्रशनं हलकेच टोचा. ती पुढे चालत जाईल. घाई करू नका."

इंदूबाईंनी टोचलं. मखमल पुढे गेली नाही. तिनं पोट वर केलं आणि मागच्या पायांनी ते भराभरा खरवडलं. हवेत बारीक धुरळा उडाला.

"केस उडवतेय. तोंड मागे घ्या!"

उशीर झाला होता. पिशवी आणि बाही यांच्या मधल्या उघड्या पट्ट्यावर खाजकुयली घासावी तशी आग उठली. इंदूबाई ओरडल्या, आणि त्या ओरडण्यानं म्हणा किंवा हात हलल्यानं म्हणा, मखमल वळली आणि ब्रशच्या दांड्यावर चढली. सरळ वर, हाताच्या दिशेनं. पिशवीच्या पातळ प्लॅस्टिकमधून पहिल्या पायाचा स्पर्श बोटाला कळला. हलका, कोरडा, चाचपणारा.

"टाकू नका!" रिया किंचाळली. "आई, पडली तर पोट फुटतं तिचं!"

पोट फुटलं तर आतून काय बाहेर येईल, ते इंदूबाईंना डोळ्यांसमोर दिसलं. त्या चित्रानंच त्यांची बोटं घट्ट केली. त्यांनी दात आवळले, ब्रश बरणीच्या तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं बरणी हळूहळू उभी केली. मखमल एक पाय आत, एक बाहेर अशी थांबली. इंदूबाईंच्या तोंडातून आजवर रियासमोर कधी न निघालेली एक गावाकडची शिवी निघाली. आणि मखमल आत उतरली.

झाकण लागलं.

"झालं?" रियानं विचारलं.

"झालं. बोलू नको माझ्याशी आता."

पण काम संपलं नव्हतं. पायांतले दाणे ओल्या ब्रशनं जमतील तेवढे टिपायचे, ते काम रियानं दुसऱ्या दिवसावर टाकलं, म्हणाली आत्ता तिला शांत बसू द्या. पेटी मात्र लगेच रिकामी करायची होती. रियाला ट्रेनिंगच्या वर्गात परत जायचं होतं. कॉल बंद झाला आणि इंदूबाई त्या पेटीसोबत एकट्या उरल्या.

त्यांनी पेटी गॅलरीत नेली. भुसा खरवडून काळ्या पिशवीत भरू लागल्या. ओला भुसा गोळ्यागोळ्यानं सुटत होता, पिवळ्या छत्र्या बोटांखाली चिरडून त्यांचा गिळगिळीत लगदा होत होता, बुरशीतला रातकिडा हातात आला तो आतून पोकळ झाला होता आणि त्या पोकळीत पांढरं वळवळत होतं. त्या तोंडानं श्वास घेत होत्या. काचेवरची धूळ कागदानं दाबून पुसली, तेव्हा ती चिरडली गेली आणि ओढणीतूनही एक वास आला.

पुदिन्यासारखा. पण गोडसर, शिळा, कुबट.

इंदूबाईंचा हात थांबला. हा वास ओळखीचा होता. सकाळीच आला होता. भाजणी मळताना आला होता, आणि ओवा जरा जास्त पडला असेल म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता.

त्या गॅलरीतल्या रातकिड्यांच्या डब्याकडे बघत राहिल्या. रातकिडे काय खायचे? कोंडा. कसला कोंडा? भाजणी चाळून वर उरलेली चाळ. रियानं विचारलं होतं, आई, ही टाकताय तर मी घेऊ का. त्यांनी नाक मुरडून दिली होती.

त्यांनी साबणानं हात धुतले, परत धुतले. मग स्वयंपाकघरात जाऊन भाजणीचा मोठा स्टीलचा डबा उघडला. वरून पीठ नेहमीसारखंच दिसत होतं. त्यांनी वाटीच्या बुडानं ते दाबून सपाट केलं, आरशासारखं गुळगुळीत, झाकण लावलं आणि तिथेच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली बिल्डिंगचा पंप सुरू झाला, टाकी भरून बंद झाला. मग त्यांनी झाकण काढलं.

गुळगुळीत पीठ खरबरीत झालं होतं. वरचा थर आतून कुणी उकरावा तसा उसवला होता. त्यांनी चिमूटभर पीठ काळ्या तव्यावर टाकलं आणि रियानं शिकवलं तसा मोबाइल वर धरून दोन बोटांनी मोठं केलं. चिमटीतलं अर्धं पीठ पीठच राहिलं. उरलेलं तव्यावर चालू लागलं.

सकाळी त्यांनी थालीपीठ खाल्लं होतं. लोणी लावून, दोन.

त्या बेसिनपर्यंत कशाबशा पोचल्या. पोटातलं सगळं पडून गेलं तरी उमाळे थांबेनात. जिभेवर, दातांच्या फटीत, घशात चालल्यासारखं वाटत होतं. त्यांनी चुळा भरल्या, मिठाच्या पाण्यानं भरल्या, बोटानं जीभ खरवडली.

तरी एक आशा होती. कदाचित कोळ्याच्या पेटीतून किडे पिठात आले असतील. असं असतं तर किती बरं झालं असतं! पण फडताळात मागे एक बरणी होती, त्याच दळणाची, श्रावणात भरून घट्ट बंद करून दादरच्या बहिणीसाठी ठेवलेली. तिला रियाचा हात लागला नव्हता, कुणाचाच लागला नव्हता. इंदूबाईंनी ती उघडली, नाक लावलं. पुदिना. श्रावणात ऊन नव्हतं, ऑर्डरी तुंबल्या होत्या, डाळी नीट सुकल्या नव्हत्या. ते त्यांना तेव्हाही माहीत होतं. भाजताना सुकतील, म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी नवीन आला, तेव्हा काळ्या पिशव्या दाराशी होत्या आणि आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, कोपराच्या वर लाल चट्टे उठलेले. त्यानं पेटी बघितली, डबा बघितला आणि त्याला वाटलं ते बोलला.

"मी तिला आधीच सांगत होतो. शेवटी किडे स्वयंपाकघरात आलेच ना? बस झालं आता. रियाला सांगतो, ते कुणाला तरी देऊन टाक. आणि तू बाहेर काही बोलू नकोस, आई. गुपचूप पीठ टाकून दे."

इंदूबाईंनी मान वर केली. एक हुंकार भरला असता तर ती केसाळ घाण उद्या घराबाहेर गेली असती. सूनही काही म्हणाली नसती, तिनं तर आधीच चूक स्वतःवर घेतली होती. आणि बिल्डिंगमधल्या बायका डोळे मिटून भाजणी घेत राहिल्या असत्या. पण त्या मिटलेल्या डोळ्यांखाली तोंडं हलताना इंदूबाईंना दिसली.

"कोळ्याकडनं नाय आले," त्या म्हणाल्या. "माझ्या पिठातनं तिकडं गेले. घाण माझी हाय."

"कोण म्हणतं?"

"माझं नाक म्हणतं. उठव मला."

त्या स्वतः दारोदार गेल्या. फोन करता आला असता, पण फोनवर हे सांगायचे शब्द त्यांना सापडेनात. दार उघडलं की म्हणायच्या, "माझ्या भाजणीत कीड निघाली, उरली असंल ती टाका, खाऊ नका." कुणी बरं झालं सांगितलंत म्हणालं. कुणी दार लावून घेतलं, आणि आतून डबा कचऱ्याच्या पिंपात आपटल्याचा आवाज बाहेर आला. एकीनं विचारलं, "तुमच्याकडे तो मोठा कोळी आहे म्हणे, त्याच्यामुळे का?" म्हणजे कळलेलं होतंच सगळ्यांना. इंदूबाई म्हणाल्या, "नाय. तो बिचारा स्वच्छ होता."

शेवटचं दार शेजारच्या विंगमधल्या आरोहीचं. तिचा मुलगा ऋतिक तिच्या कमरेला लोंबकळत होता.

"टाकू काय, मावशी? संपली कालच. ह्यानं मागून मागून खाल्ली. ह्या वेळी काहीतरी वेगळी चव होती, थोडी पुदिन्यासारखी. पुदिना घातला होतात का?"

इंदूबाईंनी दाराची चौकट धरली.

"पोट बरं हाय ना त्याचं?"

"एकदम. का हो?"

त्यांनी का ते सांगितलं. आरोहीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिनं मुलाकडे बघितलं, मग आपल्याच तोंडावर हात ठेवला. ऋतिक म्हणाला, "अजून आहे का, आजी?"

रात्रीचं जेवण इंदूबाईंनी केलंच नाही. रियाला फोनवर सगळं सांगितलं, श्रावणातल्या ओल्या डाळींसकट.

"पण आई, मखमलमुळे कळलं तरी..."

"तिचं कौतुक नको सांगू मला," इंदूबाई म्हणाल्या. "हात अजून खाजतोय माझा."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बरणी उघडून, ओल्या ब्रशनं तिच्या पायांतले दाणे टिपले, डोळे उघडे ठेवून, तोंड वाकडं करून. घरातलं सगळं पीठ गेलं. फडताळ रिकामं करून घासलं, उन्हाची तिरीप आली की डबे गॅलरीत उपडे घातले. बऱ्याच दिवसांत त्यांनी भाकरीसुद्धा खाल्ली नाही, नुसता भात. पीठ दिसलं की ते चालेल, असं वाटायचं. भाजणी पुन्हा सुरू झाली ती हवा चांगली कोरडी पडल्यावर. जुन्या घरांतली अर्धी परत आली, अर्धी नाही. आरोही आली, पण पिशवी उजेडाकडे धरून बराच वेळ बघून मगच घेतली. इंदूबाईंना त्याचा राग आला नाही.

मखमलनं लाडवांच्या बरणीतच कात टाकली. रिया परतली त्या दिवशी तिनं नवा भुसा घातलेल्या पेटीत तिला सोडलं. नव्या कातडीत ती जास्तच काळी आणि जास्तच केसाळ दिसत होती. इंदूबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या, पदर नाकाला. पण गेल्या नाहीत.

"सगळे पाय हायत ना गं तिचे?" त्यांनी विचारलं.

"आहेत, आई. सगळे."

"बरं. लाव आता झाकण."